मैलापाण्यातला फॉस्फरस खरंच परत काढता येतो का? मुंबईत ते जमेल का? आणि फॉस्फेटची रसायनं कमी घाण करून बनवता येतात का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हो, येतो. तिसऱ्याचं शेवटी देते. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, कारण खरी गोम तिथेच आहे.

मी चेंबूरला राहते. पाणी-सांडपाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. फॉस्फेटची टेस्ट किती वेळा केली असेल याची मोजदाद नाही. नमुन्यात मॉलिब्डेटचं द्रावण आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिटॅमिन सी, घालायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. पाणी निळं होतं. जितकं गडद निळं, तितकं फॉस्फेट जास्त. शहराच्या मैलापाण्याचा नमुना पातळ न करता लावला, की समोर शाईची दौतच.

पण मला हा विषय पटला तो लॅबमध्ये नाही, एका ऑफिसच्या संडासात. पाणी वाचावं म्हणून त्या इमारतीत बिनपाण्याची युरिनल्स बसवली होती. वर्षभरात सगळी तुंबली. दुसऱ्याच कामासाठी मी तिथे गेले होते, तेव्हा प्लंबरने पाइप कापून दाखवला. तीन इंची पाइप, आत जेमतेम अंगठा जाईल एवढं भोक, बाकी सगळा करडा-पांढरा दगड. म्हणाला, "मॅडम, पाइपाला मुतखडा झालाय."

त्याने गंमत केली, पण ती रसायनशास्त्राला धरून होती. मी एक खडा रुमालात बांधून आणला आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकला. नळाला धरतो तो चुना असता तर फसफसून बुडबुडे आले असते. हा बहुतेक सगळा गुपचूप विरघळला. द्रावणाची टेस्ट लावली, निळंशार. यातला बराचसा भाग स्ट्रुव्हाइट असतो: मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट सारख्या प्रमाणात, शिवाय पाण्याचे सहा रेणू. जंतुसंसर्गामुळे मूत्रपिंडात जे खडे होतात, तेही मुख्यतः याचेच. आणि हेच स्ट्रुव्हाइट बऱ्यापैकी चांगलं खत आहे. वजनाच्या साधारण साडेबारा टक्के फॉस्फरस, थोडं नत्र, थोडं मॅग्नेशियम. पाण्यात हळूहळू विरघळतं, म्हणून पहिल्याच पावसात वाहून जात नाही.

(हॅम्बुर्ग शहराचं आणि या प्रकरणाचं काय नातं आहे कोण जाणे. 1669 मध्ये हेनिग ब्रांट नावाचा किमयागार तिथेच सोनं शोधायला मूत्र आटवत बसला आणि त्याच्या हाती अंधारात चमकणारा फॉस्फरस लागला. स्ट्रुव्हाइटची ओळखही 1845 मध्ये तिथेच, जुन्या घाणीच्या थरात पटली. आता मैल्याच्या गाळाच्या राखेतून फॉस्फरिक ॲसिड काढायचा कारखानाही तिथेच उभारलाय.)

आता मुंबईचा हिशेब. मोठ्या माणसाच्या शरीरात फॉस्फरस वाढत जात नाही. जेवढा पोटात जातो, साधारण तेवढाच बाहेर पडतो. माणशी रोज एक ते दीड ग्रॅम, त्यातला निम्म्याहून जास्त लघवीतून. आपण एकच ग्रॅम धरू. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईत 1 कोटी 24 लाख माणसं. म्हणजे रोज बारा टनांच्या वर फॉस्फरस. डीएपी या फॉस्फेटच्या खताच्या पन्नास किलोच्या पोत्यांत मांडला, तर रोज बाराशे पोती. खरीप तोंडावर आला की याच डीएपीसाठी दुकानांपुढे रांगा लागतात. त्याचा कच्चा माल म्हणजे रॉक फॉस्फेट, फॉस्फेटचा दगड; तो आपल्याकडे बहुतेक परदेशातून येतो. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडाला खाण आहे, पण तिच्यावर देशाचं भागत नाही. जगातले जवळपास सत्तर टक्के साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारात. 2007-08 मध्ये रॉक फॉस्फेटचा भाव वर्ष-सव्वा वर्षात टनाला पन्नासेक डॉलरवरून चारशेच्या वर गेला होता. 2021 मध्ये चीनने निर्यात आवळली. आणि आपली बाराशे पोती? वरळी आणि वांद्र्याहून समुद्रात तीन किलोमीटरहून लांब नळ टाकलेत, त्यातून त्यातली पुष्कळशी अरबी समुद्रात जातात. काही पवईसारख्या तलावांत उतरतात आणि तिथली जलपर्णी पोसतात.

तरी "मुंबईत जमेल का" याचं उत्तर ही पोती मोजून मिळत नाही. अडचण पाण्याची आहे. लघवी मैलापाण्याच्या जेमतेम एक टक्का असते, पण आपण ती आंघोळीच्या, भांड्यांच्या, फरशीच्या पाण्यात मिसळतो. मग लिटरला पाच-दहा मिलिग्रॅम फॉस्फरस उरतो. एवढ्या पातळ पाण्यात स्ट्रुव्हाइट नीट बसतच नाही. म्हणून तो कुठे पकडायचा, यावर सगळं ठरतं.

एक जागा म्हणजे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या मोठ्या केंद्रातला गाळ. जिवाणूंना आलटून पालटून हवा दिली आणि तोडली, की ते गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट पोटात भरून घेतात. मग तो गाळ बंद टाकीत गॅससाठी कुजवला, की ते सोडून देतात. गाळ पिळून निघणाऱ्या पाण्यात ते लिटरला शंभर मिलिग्रॅमच्याही वर जातं. त्यात मॅग्नेशियम घालून पाणी थोडं अल्कधर्मी केलं, की साबुदाण्यासारखे दाणे तयार. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 2009 पासून आणि शिकागोला 2016 पासून अशी मोठी केंद्रं सुरू झाली. त्यांनी हे शेतकऱ्याच्या कळवळ्याने केलं असं समजू नका. पाइप आणि पंप स्ट्रुव्हाइटने तुंबत होते, फोडून काढण्यापेक्षा हवं तिथे जमवणं स्वस्त पडलं. या पद्धतीने येणाऱ्या फॉस्फरसचा लहान वाटाच हाती लागतो, हेही खरं.

जास्त हवा असेल तर गाळ वेगळा जाळून राखेतून ॲसिडने काढायचा. त्यात ऐंशी टक्क्यांच्या वर मिळू शकतो. जर्मनीने 2017 च्या नियमाने मोठ्या केंद्रांना 2029 पासून वसुली सक्तीची केली, ती मुख्यतः याच वाटेच्या भरवशावर. पण तोच गाळ सिमेंटच्या भट्टीत घातला, की फॉस्फरस कायमचा भिंतीत गाडला गेला.

मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, वर्सोवा, भांडुप अशा सात नव्या केंद्रांची कामं हाती घेतली आहेत, मिळून दिवसाला 246 कोटी लिटरची. टाक्या बांधल्या जात असतानाच स्ट्रुव्हाइटची जागा ठेवली तर खर्च थोडा, नंतर घुसवायची तर डोकेदुखी. आणि एक कळकळीचं सांगणं: फॉस्फेट कमी करायचं म्हणून सरसकट फेरिक क्लोराइड हे लोहाचं रसायन ओतू नये. रिपोर्ट झकास येतो (असे रिपोर्ट मीच टाइप केलेत), पण लोह फॉस्फेटला असं घट्ट धरतं की ते स्ट्रुव्हाइटला मिळत नाही आणि पिकालाही सहज नाही.

दुसरी जागा मला जास्त आवडते: पाण्यात मिसळण्याआधीच. स्टेशनं, मॉल, कॉलेजं, जिथे युरिनल्सची रांग आहे तिथे लघवी वेगळ्या टाकीत घ्यायची. काही दिवसांत युरियाचा अमोनिया होतो, पीएच आपोआप नऊच्या आसपास जातो. मग फक्त मॅग्नेशियम घालायचं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला आणि नेपाळमध्ये हे करून बघितलंय. खर्चाची बाब मॅग्नेशियम. त्यावर मला नेहमी आपली मिठागरं आठवतात. मीठ काढून घेतल्यावर वाफ्यात जे कडू पाणी उरतं, ते मॅग्नेशियमने भरलेलं असतं, आणि ते वापरून स्ट्रुव्हाइट बसवल्याचे प्रयोग झालेत. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांबद्दल आपण बोलतो ते फक्त तिथे टॉवर होणार का एवढंच.

परवडेल का, म्हणाल तर नुसत्या खतविक्रीवर नाही. डीएपीचं पोतं सबसिडीमुळे 1350 रुपयांना मिळतं, त्या भावाशी टक्कर अवघड. पाइप तुंबायचे वाचले, गाळ कमी झाला, अमोनिया काढायचा खर्च घटला, हे सगळं धरलं तर हिशेब बसू शकतो. जुन्या लोकांकडे मैल्याच्या खतासाठी सोनखत हा शब्द होताच. त्याच्यामागे डोक्यावर मैला वाहणारी माणसंही होती, म्हणून त्या काळाचे गोडवे मी गात नाही.

आता तिसरा प्रश्न. नेहमीची पद्धत म्हणजे दगडावर सल्फ्युरिक ॲसिड घालून फॉस्फरिक ॲसिड काढायचं. एक टन फॉस्फेटमागे (खतांच्या नेहमीच्या मापाने, पी-टू-ओ-फाइव्ह धरून) सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम, म्हणजे अशुद्ध जिप्सम, उरतं. त्यात फ्लोराइड, कॅडमियम, थोडं किरणोत्सारी रेडियम, म्हणून डोंगरच्या डोंगर पडून राहतात. निघणारा फ्लोरीनयुक्त वायू पाण्यात पकडून ॲल्युमिनियम फ्लोराइड बनवता येतं, ते ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांना लागतं. जिप्सम धुऊन सिमेंटमध्ये जातं. ट्रॉम्बेला त्याच्या भिंतींचे पॅनलही बनवले गेले. सल्फ्युरिकऐवजी नायट्रिक ॲसिड वापरलं तर जिप्समचा डोंगरच होत नाही, कॅल्शियम नायट्रेट मिळतं, तेही खतच. नॉर्वेतल्या ओड्डा गावात 1920 च्या दशकात ही पद्धत निघाली. मात्र नायट्रिकच्या कारखान्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापवणारा वायू सुटतो, तो आवरावा लागतो.

पांढरा फॉस्फरस याहून वाईट. दगड, कोक आणि वाळू विजेच्या भट्टीत सुमारे 1500 अंशांवर; टनामागे बारा-चौदा हजार युनिट वीज. आगपेटीच्या कारखान्यांत त्याने कामगार मुलींचे जबडे सडत. लंडनमध्ये 1888 साली त्यांची बाजू लावून धरणाऱ्या ॲनी बेझंट म्हणजे आपल्या होमरूलवाल्याच. आज शुद्ध ॲसिडसाठी ही भट्टी बऱ्याच अंशी टाळता येते, साधं ॲसिडच द्रावकांनी शुद्ध करतात. बॅटऱ्यांसाठी अशा शुद्ध ॲसिडची मागणी वाढतेय. पण काही रसायनांना पांढऱ्या फॉस्फरसशिवाय अजून स्वस्त पर्याय नाही.

आमच्या घराजवळचा आरसीएफचा (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा) खतकारखाना गेली वीस-पंचवीस वर्षं पालिकेचं मैलापाणी घेऊन, शुद्ध करून वापरतो, आणि त्याच आवारात आयात दगडातून सुफला हे खत बनतं. मैलापाणी आत येतं ते पाण्यासाठी, फॉस्फरससाठी नाही. तुम्ही कॉलेजात असाल आणि प्रोजेक्ट शोधत असाल, तर कॅन्टीनमागच्या युरिनलची टाकी आणि मिठागरातलं दोन कॅन कडू पाणी एवढ्यावर सुरुवात होते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, अमोनियाचा वास डोळ्यांत पाणी आणतो. मी घरी केलं तेव्हा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वापरलं होतं, तासाभरात बाटलीच्या तळाशी पांढरी रेती बसली. ती धुऊन, वाळवून जास्वंदीला घातली. कढीपत्त्याला घालायला आमच्या घरात कुणी तयार होईना.