‘पयी उना’ म्हणावं की ‘सुट्टी ओलांडली’?

प्रश्न धुळ्याकडचा आहे. पुतण्या फौजेत. रजा संपून १२ दिवस झाले, तो काविळीनं घरीच पडून. युनिटला अर्ज पाठवायचाय. त्यात ‘पळून आला’ लिहायचं, ‘फरार’ की ‘भगोडा’?

तिन्ही नकोत. ‘फौजमाईन पयी उना’, म्हणजे अहिराणीत ‘फौजेतून पळून आला’, हे पारावर चालतं. कागदावर तोच शब्द निराळा गुन्हा होतो. आर्मी ॲक्ट, १९५० चं कलम ३८ पळून जाण्याचं, म्हणजे डिझर्शनचं. कलम ३९ विनापरवाना गैरहजेरीचं. सबळ कारण नसताना रजेपेक्षा जास्त राहणं याच कलमात येतं. दोन्हींतला फरक दिवस मोजून ठरत नाही, परत जायचं मनात होतं की नव्हतं यावर ठरतो. ३९ खाली जास्तीत जास्त ३ वर्षं कैद. ३८ खाली ७, आणि ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे लढाईच्या कामगिरीवर असताना पळाला तर मृत्युदंडापर्यंत. खटला भरायला एरवी ३ वर्षांची मुदत असते, डिझर्शनला तीही नाही.

गैरहजेरीचे ३० दिवस भरले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसते, तशी नोंद होते, आणि जवान त्यानंतरही हजर झाला नाही तर तो डिझर्टर धरला जातो. म्हणून अजून १८ दिवस हातात आहेत असं मात्र समजू नका. त्याला पकडण्यासाठी पोलिसांकडे पत्र त्याआधीही येऊ शकतं.

‘रजा’ हा शब्द मुळात अरबी, अर्थ संमती. ती संपली, एवढंच सांगायचंय. ‘फरार’मध्ये पळ आहे, ‘भगोडा’ तर हिंदीतली शिवीच, आपल्या ‘पळपुट्या’च्या जातीची. बराकीत रजा संपूनही न परतण्याला ‘ओएसएल’ म्हणतात, ओव्हरस्टे ऑफ लीव्ह. अर्जात सरळ लिहा: ‘अमुक ते अमुक तारीख रजा मंजूर होती. अमुक तारखेपासून काविळीमुळे अमुक रुग्णालयाचे उपचार चालू आहेत. रजा वाढवून मिळावी.’ रुग्णालयाचे कागद जोडा, प्रत आणि पोचपावती जपा. प्रवास झेपत असेल तर देवळालीचं मिलिटरी हॉस्पिटल भुसावळ-मुंबई लाइनीवरच आहे. तिथली नोंद खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी वजनदार. घरच्यांनी कळवळून ‘घाबरून निघून आला’ असं लिहिलं, तर तेच पत्र पुढे हेतूचा पुरावा म्हणून फाइलीत बसतं.

परतल्यावर टोपी-पट्टा काढून कमांडिंग ऑफिसरसमोर उभं करतात. तिथे साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायचा आणि आपले साक्षीदार बोलवायचा हक्क आर्मी रूल २२ देतो. पुढे समरी ऑफ एव्हिडन्समध्ये, म्हणजे साक्षी लेखी नोंदवताना, स्वतःचं निवेदन देण्याची सक्ती नसते.

समरी कोर्ट मार्शल, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच चालवतो तो खटला. त्यातला ‘फ्रेंड ऑफ द ॲक्यूज्ड’ हा शब्दही फसवा. त्याचं ‘मित्र’ असं भाषांतर करू नका, ‘साहाय्यक’ म्हणा. तो वकीलही असू शकतो. सल्ला देईल, प्रश्न सुचवेल, पण साक्षीदाराला प्रश्न विचारायला किंवा कोर्टापुढे बोलायला त्याला मुभा नाही. ते जवानालाच करावं लागतं.