इनेबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून

मागच्या अंकात जाता जाता इने या जपानी मच्छीमार गावाचं नाव घेतलं आणि तेवढ्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: इने क्योतो प्रांतात आहे, पण आपण ज्याला क्योतो म्हणतो त्या शहरापासून पार उत्तरेला, जपान समुद्राच्या एका छोट्या खाडीवर. वस्ती दोन हजारांच्या आसपास. खाडीच्या पाचेक किलोमीटर काठावर, पाण्याला अगदी चिकटून, साधारण २३० 'फुनाया' आहेत, म्हणजे खाली होडी आणि वर खोली अशी लाकडी घरं. आता प्रश्नांकडे.

प्रश्न: आम्ही क्योतोत चार दिवस आहोत, सोबत सासू-सासरे. इने एका दिवसात करून परत येता येईल का?

येता येईल, पण करू नका ताई. क्योतो स्टेशनवरून 'हाशिदाते' नावाची एक्सप्रेस अमानोहाशिदातेपर्यंत जाते (पाइनच्या झाडांनी भरलेला समुद्रातला वाळूचा लांब पट्टा, तो बघायलाच लोक येतात), तिला दोन तास धरा, आणि तिथून पुढे बस, ती अजून तासभर. बस काही पाच मिनिटांनी नाही, एक चुकली तर पुढचीसाठी भरपूर वेळ बसून राहायचं. म्हणजे सकाळी लवकर निघालात तरी पोचेस्तोवर जेवायची वेळ होणार, आणि मग तीन वाजल्यापासून परतीच्या बसच्या नावाने घड्याळ बघत बसणार. त्यात डे-ट्रिपवाले सगळे याच वेळात येतात, अकरा ते तीन. तुम्हाला जे शांत गाव फोटोत दिसलंय ते या वेळात नसतंच मुळी, ते संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी नऊच्या आधी असतं. त्यामुळे एक रात्र राहा, नाहीतर सरळ अमानोहाशिदातेच बघून परत या, तेही वाईट नाही.

सासू-सासऱ्यांचं म्हणाल तर बुकिंगच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, जिना. फुनायाची झोपायची खोली बहुतेक वरच्या मजल्यावर आणि जुन्या जपानी घरातला जिना म्हणजे जवळजवळ शिडीच, गुडघे दुखत असतील तर रात्री बाथरूमला उतरणं म्हणजे शिक्षा. दोन, पलंग आहे की जमिनीवर गादी. काही ठिकाणी पलंग असतात, पण ते विचारल्याशिवाय कळत नाही. मोठ्या बॅगा तिकडे ओढत नेऊ नका. क्योतोच्या हॉटेलमधून 'ताक्क्यूबिन' म्हणजे सामान पोचवणारी कुरिअर सेवा असते, तिने बॅगा पुढच्या हॉटेलला पाठवा आणि एका रात्रीपुरती पाठीवरची पिशवी घ्या.

पासबद्दल पण विचारलंय तुम्ही. देशभर चालणारा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, या मार्गावर पूर्ण चालत नाही, कारण वाटेतल्या फुकुचियामा स्टेशननंतरचा रूळ क्योतो तांगो रेल्वेचा आहे, तेवढ्या भागाचे पैसे वेगळे भरायचे. क्योतो-ओसाका भागापुरत्या कानसाई वाइड एरिया पासमध्ये मात्र ती रेल्वे धरलेली आहे.

प्रश्न: माझं गाव कोकणात, घर खाडीकाठी. असं पाण्यात घर बांधलं तर पहिल्या उधाणाला आत पाणी शिरेल. तिकडे कसं टिकतं? की फोटोपुरतं बांधलंय?

वा, हा प्रश्न दर्यावरच्या माणसालाच पडणार! फोटोपुरतं अजिबात नाही. काका, आपल्याकडे भरती-ओहोटीचा फरक दोन-तीन मीटर सहज, पण जपान समुद्र बाहेरच्या महासागराला फक्त चिंचोळ्या सामुद्रधुन्यांनी जोडलाय, त्यामुळे भरतीचं पाणी आत फारसं येतच नाही. इनेत वर्षभरात फरक पडतो तो अर्ध्या मीटरच्या आसपास. वर ही खाडी दक्षिणेकडे उघडते आणि हिवाळ्यातलं वादळी वारं येतं वायव्येकडून, म्हणजे डोंगराच्या पाठीमागून. तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि तोंडावर आओशिमा नावाचं झाडीने भरलेलं बेट आडवं, ते येणारी लाट फोडतं. एवढं सगळं एका जागी जुळून आलंय म्हणून ते घर उभं राहतं, दुसऱ्या किनाऱ्यावर तोच नकाशा घेऊन गेलात तर तुम्ही म्हणता तसंच होईल.

खालच्या मजल्याची जमीन समुद्राकडे उतरती असते. लाकडी होड्या होत्या तेव्हा त्या सरळ आत ओढून घ्यायच्या, सुकवायच्या, म्हणजे लाकूड कुजत नाही आणि किडे लागत नाहीत. आता फायबरच्या बोटी मोठ्या झाल्या, त्या आत मावत नाहीत म्हणून बाहेरच बांधलेल्या असतात, आणि खाली जाळी, बादल्या, दोऱ्या, एखादी जुनी सायकल. काहींच्या दारात पाण्यात एक छोटा पिंजरा सोडलेला दिसेल, त्याला 'मोंदोरी' म्हणतात, त्यात माशांची उरलीसुरली डोकी-काटे टाकतात आणि दुसरे मासे त्या वासाने आत येऊन अडकतात, घरबसल्या कालवणाची सोय. राहायचं मूळ घर रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला. मधला रस्ता १९३० च्या दशकातला, त्याआधी शेजारच्या घरी जायचं तरी होडी. २००५ मध्ये जपान सरकारने जपायच्या पारंपरिक वस्त्यांच्या यादीत इने घातलं, मच्छीमार गाव म्हणून त्या यादीत आलेलं हे पहिलं.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडं पण नाही. जमेल का?

जमेल, पण आयत्या वेळी नाही. लोकांना वाटतं की मासा ताटात दिसला की बाजूला काढू, पण तिथे मासा दिसत नाही, तो पाण्यात असतो. 'दाशी' म्हणजे सूपचं जे मूळ पाणी, ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवलेल्या धुरावलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचं असतं आणि त्यात भाज्या शिजतात, टोफू शिजतो, मिसो सूप होतं, तेंपुराबरोबरची (म्हणजे जपानी भज्यांबरोबरची) चटणीवजा पातळ वाटी पण त्याचीच. थंड टोफू मागवलात तर वर तोच गुलाबी किस पेरून येतो, आणि गरम पदार्थावर टाकला की वाफेने असा वळवळतो की एखाद्याला वाटावं अजून जिवंत आहे! भाताच्या त्रिकोणी ओनिगिरीत आंबट उमेबोशी, म्हणजे खारवलेलं फळ, असते ती चालते म्हणून सगळे सांगतात, पण काही उमेबोशींमध्ये पण तो किस घातलेला असतो, तेव्हा पाकिटावरचं ट्रान्सलेट ॲपने वाचा.

करायचं काय तर बुकिंग करतानाच लेखी कळवायचं, निदान आठ-दहा दिवस आधी. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर समोरच्याला वाटतं मांस नको, मासा चालेल. एक वाक्य लिहून ठेवा आणि फोनमध्ये जपानी लिपीत पण करून ठेवा: 'निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन, दाशी मो दामे देसु.' मांस, मासे, अंडी खात नाही, दाशीही चालत नाही. कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळाची किंवा शिताके मशरूमची दाशी चालेल असं पण सांगा, म्हणजे बिचाऱ्यांना काहीतरी मार्ग राहतो. त्यांनी नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. छोटं मिन्शुकु, म्हणजे घरगुती मुक्काम, स्वयंपाकाला एकच बाई, आणि सगळी ख्याती सकाळी आलेल्या माशांची. अशा वेळी फक्त खोली घ्या, शक्यतो स्वयंपाकघर असलेलं आख्खं फुनाया भाड्याने मिळतं ते बघा, आणि किराणा येतानाच घेऊन या. इनेत पोचल्यावर रात्री दुकान उघडं सापडेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न: मी फोटोग्राफी करतो. फुनायाच्या आत जाऊन शूट करता येईल का? ड्रोन नेऊ का?

मित्रा, आत जायचं नाही. दार उघडं असेल, आत कोणी दिसत नसेल, जाळी फार सुंदर लटकली असेल, तरी नाही. ती कोणाची तरी पडवी आहे आणि रोज शे-दोनशे अनोळखी लोक तिच्यात डोकावतात, तुझा एकट्याचा दोष नसला तरी तो माणूस वैतागलेला असतो. दोन घरांच्या मधली पाण्याकडे जाणारी बोळ पण खासगीच. आतून बघायचं तर फुनायात राहायला जा, किंवा गावातलेच लोक छोट्या बोटीतून फिरवतात ती 'सागरी टॅक्सी' घे, ते घरांच्या पुढ्यातून नेतात आणि समुद्राच्या बाजूने दिसतं तेच खरं दृश्य आहे. वरून पूर्ण खाडी हवी असेल तर डोंगरावर 'फुनाया नो सातो' नावाचा रस्त्यावरचा थांबा आहे, तिथून सगळा वळसा एका फ्रेममध्ये येतो.

ड्रोन १०० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर जपानमध्ये रजिस्टर करावा लागतो, आणि माणसं, घरं, गाड्या यांच्या ३० मीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. इनेत ३० मीटरच्या आत घर नाही अशी जागा शोधून दाखव. घरीच ठेव.

प्रश्न: एकटी जातेय. संध्याकाळी तिथे करायचं काय?

काहीच नाही, आणि हे आधी कळलेलं बरं. मुक्कामी जेवण सहा-साडेसहाला, उशीर करायचा नाही, पोचायची वेळ पण दिलेली पाळायची, कारण ते लोक खरंच वाट बघत बसतात. आठपर्यंत रस्ता रिकामा. सुरक्षिततेची काळजी म्हणशील तर फार नाही, फक्त रस्ता अरुंद आणि फुटपाथ जवळपास नाहीच, तेव्हा अंधारात चालताना फोनचा टॉर्च चालू ठेव.

त्याच्या बदल्यात लवकर झोप आणि लवकर ऊठ. बंदरावर सकाळी मोठ्या स्थिर जाळ्यांच्या बोटी परत येतात आणि 'हामाउरी' म्हणजे धक्क्यावरचीच विक्री होते, गावातल्या आज्या आपापली बादली घेऊन हजर. लांब उभं राहून बघ, मध्ये जाऊ नकोस, खाली सगळं ओलं आणि फोर्कलिफ्ट कोणासाठी थांबत नाही. नंतर रस्त्यावरच मुकाई शुझो ही १७५४ पासूनची साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणारी जागा लागते, त्यांची लाल तांदळाची 'इने मानकाई' दिसायला गुलाबी वाइनसारखी आणि चवीला आंबटगोड. दारू घेत नसशील तर पुढे चल, त्याने काही अडत नाही.

प्रश्न: कोणत्या महिन्यात जावं?

मासे खात असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा 'बुरी' नावाचा मासा चरबीने भरलेला असतो आणि त्याचे पातळ काप गरम पाण्यात दोनदा हलवून खातात. पण त्याच महिन्यांत बर्फ, पाऊस, परत ऊन, सगळं एकाच दिवशी. त्या भागात म्हणतातच, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नको. शाकाहारी असाल तर हिवाळ्यात जाण्यात काही अर्थ नाही, एप्रिलचा मधला भाग, मे चा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबर घ्या. गोल्डन वीक म्हणजे सुट्ट्यांचा आठवडा, एप्रिलअखेर ते मे ची सुरुवात, आणि ऑगस्टमधला ओबोन हा पूर्वजांचा सण, हे दोन्ही टाळाच, खोल्या मिळत नाहीत आणि त्या एका रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

प्रश्न: पाण्याला इतकं लागून झोपायचं, त्सुनामीची भीती नाही वाटत?

भीतीपेक्षा तयारी बरी. २०२४ च्या १ जानेवारीला नोतो द्वीपकल्पाच्या भूकंपानंतर जपान समुद्राच्या किनाऱ्यावरही त्सुनामी आली होती, त्यामुळे हा प्रश्न उगाच नाही. खोलीत गेल्या गेल्या मालकांना विचारा की वर जायची वाट कुठली, आणि उजेड असताना ती एकदा चालून या. डोंगर घराच्या पाठीशीच आहे, त्यामुळे उंचावर पोचायला फार वेळ लागत नाही. जोरात किंवा बराच वेळ हललं तर सायरनची वाट बघायची नाही, बॅग उचलायची नाही, निघायचं.

प्रश्न: कार्ड चालतं ना सगळीकडे?

नाही. रोख येन ठेवा, त्यातही हजाराच्या नोटा आणि नाणी. बसमध्ये चढताना नंबराची चिठ्ठी निघाली तर घ्यायची, उतरताना समोरच्या पाटीवर त्या नंबराखाली जेवढं भाडं दिसेल तेवढं पेटीत टाकायचं, आणि दहा हजाराची नोट काढलीत तर ड्रायव्हर आणि तुम्ही दोघंही अडचणीत.

प्रश्न: बोटीतून पक्ष्यांना खाऊ घालतात ते व्हिडिओत पाहिलं. मुलांना आवडेल का?

आवडेल, मुलं खुळावतात त्याला. हिदेच्या धक्क्यावरून जी मोठी बोट निघते ती २५ मिनिटांत खाडीची चक्कर मारते, आणि ती सुटली की सीगल मागे लागतात. फक्त सीगलबरोबर घारी पण येतात. त्या हातातलं झडप घालून नेतात आणि नखं लागतात, तेव्हा लहान मुलांच्या हातात खाऊ देऊन हात वर करायला सांगू नका, तुम्ही स्वतः लांब फेका. आणि धक्क्यावर उतरल्यावर आइस्क्रीम घेतलंत तर छपराखाली उभं राहून खा, घारींना व्हॅनिला पण चालतं.