वाचकांचे प्रश्न : शाळेत होणारा छळ

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. यजमानांची बदली झाल्यामुळे आम्ही आर्वीहून नागपूरला आलो. जूनच्या अखेरीस शाळा सुरू झाल्यापासून दर सोमवारी सकाळी त्याचे पोट दुखते. सोनोग्राफीतही काही निघाले नाही. डबा अर्धा परत येतो, पाण्याची बाटली तर भरलेलीच असते. खोदून विचारले तेव्हा कळले की, तो बोलताना अडखळतो म्हणून वर्गातील चार मुले त्याची नक्कल करतात, स्कूल व्हॅनमध्ये त्याला कोपऱ्यात दाबून बसवतात आणि त्याचे व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. यजमान म्हणतात, त्यानेही दोन ठेवून द्याव्यात. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की विसरेल. मी काय करावे?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत बोलका तपशील म्हणजे ती भरलेली बाटली. शाळेच्या स्वच्छतागृहात शिक्षकांची नजर पोहोचत नाही, म्हणून छळ सोसणारी अनेक मुले तिथे जाणेच टाळतात आणि त्यासाठी दिवसभर पाणी पीत नाहीत. आपला मुलगाही तेच करत असावा; त्याला हळुवारपणे विचारून पाहावे. त्याची पोटदुखीही खरीच आहे. सतत भीतीत राहणाऱ्या मुलाच्या शरीरावर ताण येतो आणि तो पोटदुखी, डोकेदुखी, अपुरी झोप यांतून व्यक्त होतो. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून दुखणे नाही, असे होत नाही. त्याला ‘नाटक करू नकोस’ असे कुणीही म्हणू नये.

आपल्या यजमानांचा सल्ला मुलाच्या काळजीतूनच आला आहे, पण तो या प्रसंगाला लागू पडत नाही. या विषयाचा पायाभूत अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी अशा छळाची तीन लक्षणे सांगितली : तो जाणूनबुजून केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ समान नसते. चौघांसमोर एकट्याने हात उचलला तर मार त्यालाच बसेल आणि शाळेच्या लेखी भांडखोरही तोच ठरेल. शिवाय अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामधील मुलांचा प्रौढपणापर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जी मुले छळ सोसत होती आणि स्वतः इतरांना छळतही होती, त्यांची पुढील आयुष्यातील मानसिक अवस्था सर्वांत बिकट आढळली.

सासूबाईंना मात्र आदरपूर्वक सांगावे लागेल की मुले हे विसरतातच असे नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा पन्नाशीपर्यंत पाठपुरावा झाला. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना वारंवार त्रास दिला गेला होता, त्यांच्यात चाळीस वर्षांनंतरही नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ प्रत्येक मुलाचे असेच होते, असा मुळीच नाही. त्याच देशातील जुळ्या मुलांच्या अभ्यासात असेही दिसले की, ज्या घरात आईची माया, भावंडांची जवळीक आणि प्रसन्न वातावरण असते, त्या घरातील मुले हा आघात अधिक चांगल्या रीतीने पेलतात. त्याने आपल्याला सगळे सांगितले, हीच मोठी जमेची बाजू आहे.

आता शाळेविषयी. त्या मुलांच्या पालकांशी परस्पर भांडू नये. घडलेल्या प्रसंगांची तारीख आणि जागा लिहून ठेवावी, व्हिडिओ व त्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. त्यातील व्याख्येत चिडवणे आणि धमकावणेही येते, आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे. तेरा वर्षांच्या मुलांना पोलीस ठाण्यापर्यंत न्यावे, असे मी सुचवत नाही. परंतु अर्जात या कायद्याचा उल्लेख असला की ‘मुलांची मस्ती आहे’ एवढे म्हणून विषय संपवता येत नाही. मागण्या नेमक्या ठेवाव्यात : व्हॅनमध्ये जागा बदलून मिळावी, मधल्या सुटीत शिक्षकांची देखरेख असावी, ग्रुपवरील व्हिडिओ काढून टाकावेत. त्याला त्या चौघांसमोर उभे करून हात मिळवायला लावण्याचा प्रस्ताव आल्यास तो मान्य करू नये, कारण अशा समेटानंतर त्रास अनेकदा अधिक लपून सुरू राहतो.

अडखळण्यासाठी स्पीच थेरपिस्टची मदत अवश्य घ्यावी, पण छळ थांबण्याची अट म्हणून नव्हे. तो अडखळत बोलला तरी त्याला शाळेत निर्धास्त बसता आलेच पाहिजे. त्याची झोप उडाली असेल किंवा तो एकलकोंडा झाला असेल, तर मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवावे. ‘मी नसतो तर बरे’ अशा अर्थाचे एकही वाक्य त्याच्या तोंडून आले, तर एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठावेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन त्याला स्वतःलाही वापरता येईल.

प्रश्न : आमच्या वर्गातील एका मुलीला काही जणी रोज घालूनपाडून बोलतात. मी मध्ये पडले तर त्या माझ्या मागे लागतील, म्हणून गप्प राहते. माझे चुकते का?
— नववीतील विद्यार्थिनी, महाल

उत्तर : तुझी भीती अगदी स्वाभाविक आहे. तरीही तुझ्या हाती किती आहे, हे तुला कळायला हवे. कॅनडातील संशोधकांनी शाळांच्या मैदानांवरील प्रसंगांचे निरीक्षण केले, तेव्हा बघणाऱ्या मुलांपैकी कुणी हस्तक्षेप केल्यावर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबलेला दिसला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला शालेय कार्यक्रमही अशा बघणाऱ्या मुलांनाच हाताशी धरतो. तू त्या मुलींशी वाद घालण्याची गरज नाही. डबा खाताना तिच्या शेजारी बस, तिला काही निमित्ताने तिथून हाक मारून बोलावून घे, तिच्यावरचे मेसेज पुढे पाठवू नकोस. आणखी एखादी मैत्रीण सोबत घेतलीस तर भीती कमी होईल. वर्गशिक्षिकांना मात्र हे सांगच. समोर जाऊन बोलणे जमत नसेल, तर काय आणि केव्हा घडते ते लिहून शाळेच्या तक्रारपेटीत टाक.