गुडघ्यांची झीज आणि ‘ओमेगा’च्या कॅप्सूल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गुडघेदुखीविषयी येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. माशाच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्लांची कॅप्सूल म्हणजे गुडघ्याच्या झिजेवरचे औषधच, असे अनेकांनी धरून ठेवले आहे. म्हणून काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. ही उत्तरे तपासणीच्या जागी वापरू नयेत.

प्रश्न : आम्ही माळकरी आहोत, मासळीचे तेल चालत नाही. रोजच्या जवसाच्या चटणीतून गुडघ्यांना पुरेसे ओमेगा-३ मिळते का? (परभणी)

जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ चाच एक प्रकार, भरपूर असते. मात्र मासळीच्या तेलातील ईपीए आणि डीएचए ही आम्ले शरीर त्यापासून अगदी थोड्या प्रमाणातच तयार करू शकते. शेवाळापासून केलेल्या शाकाहारी कॅप्सूल बाजारात मिळतात, परंतु केवळ गुडघ्यांसाठी त्यांवर खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. चटणी आहार म्हणून उत्तम आहे, ती खुशाल खावी.

प्रश्न : करडईच्या तेलाने सांधे सुजतात, हे खरे का? (जालना)

नाही. तेल कोणते यापेक्षा ते किती खाता, हे वजनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

प्रश्न : माझे वय ५८. एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांची झीज दिसली. दुकानदाराने ओमेगा-३ चा तीन महिन्यांचा ‘कोर्स’ दिला; ‘वंगण पुन्हा तयार होईल, ऑपरेशन टळेल’ असे सांगितले. दोन डब्या संपल्या, फरक नाही. तिसरी घ्यावी का? (औसा, जि. लातूर)

घेऊ नये. ‘वंगण’ या कल्पनेवरच ही सारी विक्री चालते, म्हणून सविस्तर लिहितो. सांध्यातील द्रव हे तेल नसते. रक्तातून पाझरलेल्या द्रवात सांध्याच्या अस्तराने हायलुरोनिक आम्ल मिसळून तो चिकट झालेला असतो. गिळलेली कॅप्सूल आतड्यात पचते आणि तिच्यातील स्निग्धाम्ले शरीरभर वाटली जातात. ती गुडघ्यात जाऊन साठत नाहीत आणि झिजलेली कूर्चाही, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरणही, भरून काढत नाहीत. ओमेगा-३ मुळे शरीरातील दाह काही अंशी कमी होऊ शकतो, हे खरे आहे, आणि त्या आशेनेच संशोधकांनी ती गुडघ्यांसाठी तपासून पाहिली. ऑस्ट्रेलियातील २०२ रुग्णांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना रोज ४.५ ग्रॅम, तर काहींना त्याच्या एक दशांश ओमेगा-३ दिले गेले. दोन वर्षांनी कमी मात्रेच्या गटाच्याच वेदना अधिक उतरलेल्या आढळल्या आणि कूर्चेच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक नव्हता. क्रिल या सागरी जीवाच्या तेलाची २६२ रुग्णांवरील चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. २४ आठवड्यांनंतर ते तेल घेणारे आणि नुसती दिखाऊ कॅप्सूल घेणारे यांच्या वेदनांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही गुडघ्याच्या झिजेसाठी मासळीचे तेल देऊ नये, याच बाजूच्या आहेत.

आता ती डबी उलटी करून पाहा. पुढे ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम छापलेले असते, पण तो आकडा तेलाचा असतो. मागच्या बारीक तक्त्यात पुष्कळदा ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम, म्हणजे कामाचा ऐवज अवघा ३०० मिलिग्रॅम निघतो. अशा पूरक आहारावर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती ग्राहकाला वाचून दाखवणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे.

पैसे गेले याचे मला तितके वाईट वाटत नाही, जितके महिने गेले याचे वाटते. दुखते म्हणून चालणे कमी होते, मांडीचा स्नायू सुकत जातो, गुडघ्यावरचा भार वाढतो आणि रुग्ण मात्र ‘कोर्स’ संपण्याची वाट पाहत बसतो. ज्यांचा उपयोग खरोखर दिसून आला आहे, ते उपाय व्यायाम आणि वजन कमी करणे हे आहेत. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पलंगावर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळून ती गुंडाळी खाली दाबावी, पाच आकडे मोजावेत आणि सोडावे. हा व्यायाम आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा, आणि ऑपरेशन लागेल की नाही हे दुकानदाराने नव्हे, अस्थिरोगतज्ज्ञाने ठरवावे.

प्रश्न : वडिलांना हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. त्यांना ओमेगा-३ द्यावे का? (नांदेड)

हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल देऊ नये. रक्तस्रावाचा धोका तपासावा लागतो आणि मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यताही वाढते.

प्रश्न : आईचे वय ४६. कापूस वेचून गुडघे दुखतात असे ती म्हणते. पण सकाळी दोन्ही हातांची बोटेही तासभर वळत नाहीत. नात्यातल्या एकांना माशाच्या तेलाने गुण आला, म्हणून तेच सुरू केले आहे. (माजलगाव, जि. बीड)

हे वर्णन निव्वळ झिजेचे वाटत नाही. झिजेतला सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो. तासभर आखडलेली दोन्ही हातांची बोटे पाहता रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, आहे का हे आधी पाहिले पाहिजे. त्या आजारात ओमेगा-३ ने वेदना थोड्या कमी होतात, कदाचित तुमच्या नातेवाइकांचा अनुभव त्यातलाच असेल. परंतु ते मूळ औषधांना जोड म्हणूनच, त्यांच्याऐवजी नव्हे. उशीर झाल्यास सांधे कायमचे वाकडे होतात. वेचणी संपण्याची वाट न पाहता याच आठवड्यात फिजिशियनला दाखवून रक्ततपासणी करून घ्यावी.

प्रश्न : कॅप्सूल फोडून त्यातले तेल गुडघ्याला चोळले तर? (हिंगोली)

वास येईल, गुण येणार नाही. चोळायचेच असेल तर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे जेल गुडघ्याच्या झिजेत उपयोगी पडते. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील अल्सर किंवा दमा असल्यास तेही आपल्या डॉक्टरांना विचारूनच लावावे.