नाताळात घरी केलेली भेट जर्मनीत चालते का?

तुम्ही ऑगस्टमध्ये स्टुटगार्टला येताय, सोबत बायको आणि पहिलीत जाणारी मुलगी आहे. विचारलंय की नाताळात ऑफिसातल्यांना, शेजाऱ्यांना आणि मुलीच्या बाईंना घरी केलेलं काही दिलं तर चालेल का, की विकतचं आणलं नाही म्हणून चिकटपणा वाटेल. उत्तर आधी सांगून टाकते: चालतं, आणि विकतच्यापेक्षा जास्त मान मिळतो. मी याच शहरात बरीच वर्षं राहतेय. इथे स्वतःच्या हातानं काही करून द्यायला वेळ काढला, याचीच माणसं कदर करतात. उलट महागडा चॉकलेटचा डबा दिलात की समोरचा अवघडतो, कारण आता तेवढंच परत करायला हवं असं त्याला वाटतं. फक्त कधी द्यायचं आणि किती द्यायचं, हे इथल्या रीतीनं व्हायला हवं.

आधी 'कधी'. इथे भेटी उघडतात त्या 24 डिसेंबरच्या संध्याकाळी, आणि ती संध्याकाळ फक्त घरच्यांची. त्या दिवशी दुकानं दुपारीच बंद होतात, 25 आणि 26 ला सुट्टी. तेव्हा डबा घेऊन कुणाच्या दाराची बेल वाजवू नका. बाहेरच्यांना द्यायचे दिवस त्याआधीचे, म्हणजे आडव्हेंटचे. नाताळाआधीचे चार रविवार धरून हा काळ मोजतात. घराघरांत हिरव्या डहाळ्यांचं चक्र ठेवलेलं असतं आणि दर रविवारी त्यावरची एकेक मेणबत्ती जास्त पेटते. ही चाल 1839 मध्ये हाम्बुर्गला सुरू झाली. योहान हिन्रिश विशर्न नावाचे एक पाद्री निराधार मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ कधी येणार हे मुलांना कळावं म्हणून त्यांनी लाकडी चाकावर दिवसागणिक मेणबत्त्या लावायला सुरुवात केली. पुढे त्या चारच उरल्या.

याच दिवसांत घरोघरी ओव्हन तापलेला असतो. नाताळच्या बिस्किटांना आपल्या भागात, म्हणजे श्वाबियात, गुट्सले म्हणतात. दालचिनीचे तारे, व्हॅनिलाच्या चंद्रकोरी, लाकडी साच्यानं नक्षी उठवलेले आनिसच्या, म्हणजे बडीशेपेसारख्या वासाचे श्प्रिंगरले. आठवडे आधी करून पत्र्याच्या डब्यांत थरांनी भरून ठेवतात आणि मग सगळ्या प्रकारांतलं थोडं थोडं पिशवीत घालून शेजारी, ऑफिसात, मैत्रिणींकडे पोचवतात. दिवाळीत आपण फराळाचं ताट पाठवतो, अगदी तसंच. गोव्यात आणि वसईत नाताळचे पदार्थ शेजारच्या हिंदू घरी जातात, तेही हेच. त्यामुळे तुमची पिशवी कुणाला विचित्र वाटणार नाही.

आता काय द्यायचं ते. बेसनाचे लाडू सगळ्यात उत्तम. वेलची इथल्या लेबकूखनच्या, म्हणजे नाताळच्या मसालेदार केकबिस्किटांच्या मसाल्यातही असते, त्यामुळे चव अनोळखी लागत नाही. साखर मात्र नेहमीपेक्षा कमी घाला आणि वळताना सुपारीपेक्षा थोडेच मोठे वळा. शंकरपाळे तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजा, दिसायला गुट्सलेच. भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर बहुधा बैठकीला जोडूनच असतं, तिथे चकल्यांचा घाणा काढलात तर तेलाचा वास पडद्यांत आठवडाभर राहतो. पातळ पोह्यांचा चिवडाही आवडतो, पण मिरची अगदी नावाला. लोणचं देऊ नका, त्याचं करायचं काय हे बहुतेकांना कळत नाही. त्याऐवजी सफरचंदाची किंवा मनुकांची गोड-आंबट चटणी बरणीत भरून द्या, ती चीजबरोबर लगेच संपते.

एका माणसाला पाच-सहा लाडू नाहीतर एक छोटी बरणी, बस. किलोभर दिलंत तर तो प्रेमळपणा त्यांना पेलवत नाही.

चिठ्ठीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडून नेमकी तीच राहते. इथे ॲलर्जी असणारे, दूध न खाणारे, गहू न चालणारे लोक प्रत्येक ऑफिसात भेटतात. दुकानातल्या पदार्थांवर युरोपीय नियमाप्रमाणे 14 ॲलर्जीकारक घटक ठळक छापावे लागतात. घरच्या भेटीला ती सक्ती नाही, पण लोकांची नजर मात्र त्याच सवयीची. त्या 14 मध्ये शेंगदाणे, काजू-बदाम, गहू, दूध तर आहेतच, शिवाय तीळ आणि मोहरीसुद्धा आहे. म्हणजे आपला चिवडा या यादीतले बरेच घटक पोटात घेऊन जातो. आणि हिंग! डबीवरचं बारीक अक्षर वाचा, बहुतेक वेळा त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. बेसन म्हणजे हरभरा, त्यात गहू नाही, असं सांगून तुम्ही हिंग घातलेली शेव कुणा सिलिअ‍ॅक रुग्णाला, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन अजिबात न चालणाऱ्याला, दिलीत तर तो खरोखर आजारी पडेल. म्हणून प्रत्येक पिशवीला छोटं कार्ड बांधा आणि त्यावर जर्मनमध्ये हातानं लिहा: बेसनाचे लाडू. भाजलेलं हरभऱ्याचं पीठ, तूप, साखर, वेलची, काजू. 10 जानेवारीपर्यंत खावेत. बेसनाला किशरएर्ब्सनमेल म्हणतात, वेलचीला कार्डामोम. कार्ड वाचून माणूस निर्धास्तपणे खातो, आणि पुष्कळदा जानेवारीत कृती विचारायला येतो. शेजारणीशी माझी खरी ओळख अशीच झाली.

ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर वेगळी पिशवी ठेवायची गरज नाही. किचनमध्ये डबा ठेवा, शेजारी कार्ड, सगळे येता-जाता खातात. बहुतेक ठिकाणी विश्टेल्न असतं, चिठ्ठ्या काढून ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची. रक्कम आधीच ठरवतात, पाच-दहा युरो, आणि त्यात घरचं केलेलं छान चालतं. पण आमंत्रणात श्रॉटविश्टेल्न लिहिलंय का ते नीट बघा. त्यात घरातली नको असलेली, हास्यास्पद वस्तू गुंडाळून आणतात. तिथे तुमचे लाडू नेलेत तर ते त्या गंमतीत वाया जातील.

मुलीच्या बाईंचं वेगळं. इथले शिक्षक सरकारी सेवेत असतात, त्यांना भेटी घेण्यावर बंधनं आहेत आणि नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. एकट्यानं काही देऊ नका. वर्गात निवडून दिलेले पालक-प्रतिनिधी असतात, ते सगळ्यांकडून थोडे थोडे पैसे जमवून एक भेट देतात, त्यात वाटा उचला. मुलीनं स्वतः काढलेलं चित्र किंवा कार्ड मात्र कुणी नाकारत नाही.

खायचं सोडून काही सुचवायचं तर मी आकाशकंदील सुचवेन, अगदी मनापासून. आडव्हेंटमध्ये इथे खिडक्यांत कागदी तारे टांगतात. त्यातला हेर्नहूट गावाच्या नावाचा तारा प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीस्की गावातल्या मोरावियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमितीच्या तासाला मुलांकडून तो करून घ्यायला लागले, असं त्याचं मूळ सांगतात. कागदाच्या पट्ट्या दुमडून केलेल्या ताऱ्याला तर बालवाडीचे जनक फ्रोबेल यांचंच नाव आहे. इथल्या माणसाला कागद, गोंद आणि नेमक्या घड्या यांची किंमत बरोबर कळते. तुम्ही आणि मुलीनं मिळून हातभर आकाराचा कंदील केलात, तर तो शेजाऱ्यांच्या खिडकीत थेट 6 जानेवारीपर्यंत लटकलेला दिसेल. विणता येत असेल तर लोकरीचे मोजेही द्या, हातानं विणलेल्या मोज्यांना इथे फार मान आहे.

तुमच्याकडेही पिशव्या येतील. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय, तर हे लक्षात ठेवा: दालचिनीच्या ताऱ्यांत अंड्याचा पांढरा भाग असतो, लेबकूखनमध्येही बहुधा अंडं असतं, गमी बेअर्स जिलेटिनचे, श्टोलन या नाताळच्या गोड पावातल्या मनुका अनेकदा रममध्ये भिजवलेल्या. काय घातलंय असं सरळ विचारा, कुणाला राग येत नाही.

सामानाचं शेवटी. भारतातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, त्यामुळे तूप, पेढे, खवा बॅगेत भरू नका. विमानतळावर काढून टाकतात. मीठ नसलेलं लोणी इथे उत्तम मिळतं, त्याचं तूप घरी कढवा, नाहीतर बुटरश्माल्त्स नावानं तयार मिळतं. बेसन तुर्की दुकानांत मिळतं, पोह्यांसाठी भारतीय दुकान गाठावं लागतं. सोऱ्या, शंकरपाळ्यांचं कातण आणि चांगली वेलची तेवढी घेऊन या. आणि आल्यापासून जॅमच्या रिकाम्या बरण्या धुऊन ठेवायला लागा, डिसेंबरमध्ये त्या पुरत नाहीत.