क्वार्टरबॅकची संथ सुरुवात कितपत मनावर घ्यावी?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत कॅन्सस सिटीला राहतात. त्यांच्या नादाने मीही अमेरिकन फुटबॉल पाहू लागलो आहे. सुपर बोल, म्हणजे तिथल्या मोसमाचा अंतिम सामना, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो आणि मध्यंतर होते तेव्हा माझी कामावर निघण्याची वेळ झालेली असते. त्यामुळे माझ्या वाट्याला पूर्वार्धच येतो. त्यात कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चाली चालवणारा खेळाडू, पॅट्रिक महोम्स याचा संघ बहुधा मागे पडलेला दिसतो. जावईबापू म्हणतात, "बाबा, काळजी करू नका, तो उशिरा रंगात येतो." आपल्याकडे सलामीच्या फलंदाजाची नजर बसायला वेळ लागतो, तसेच क्वार्टरबॅकचे असते काय? की संथ सुरुवात हा खरोखरच दोष मानावा?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. महोम्सने २०२० ते २०२५ या काळात पाच सुपर बोल खेळले आणि त्यांपैकी एकाही सामन्यात त्याचा संघ मध्यंतराला आघाडीवर नव्हता. एकदा १०-१० अशी बरोबरी होती, उरलेल्या चारही वेळा पिछाडी होती. तरीही त्यांपैकी तीन सामने कॅन्सस सिटीने जिंकले. टॉम ब्रेडी या दुसऱ्या क्वार्टरबॅकचा हिशेब तर याहून विलक्षण आहे. न्यू इंग्लंडकडून तो नऊ सुपर बोल खेळला आणि त्या नऊ सामन्यांच्या पहिल्या क्वार्टरमध्ये (पहिल्या चतुर्थांशात) त्याच्या संघाने मिळून अवघे तीन गुण केले. त्या नऊपैकी सहा सामने त्यांनी जिंकले. तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांवरून क्वार्टरबॅकची परीक्षा करू नये, हे प्रथम मान्य करावे लागते.

याचे कारण साधे आहे. संपूर्ण सामन्यात एका संघाच्या हाती चेंडू साधारणपणे दहा-बारा वेळा येतो, म्हणजे पहिल्या क्वार्टरमध्ये फार तर दोन-तीनदा. तेवढ्यात क्वार्टरबॅकने सात-आठ पास फेकले, त्यांतला एक झेलणाऱ्याच्या हातून निसटला आणि एका चालीवर पंच दंड देऊन बसले, की त्याचे आकडे वाईट दिसू लागतात. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर सवय ठरवणे धाडसाचे आहे. शिवाय सुरुवातीच्या चाली बहुतेक वेळा त्याच्या नसतातच. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी पहिल्या चाली सामन्याआधीच कागदावर लिहून काढण्याची पद्धत रूढ केली आणि आज ती सर्रास चालते. तो कागद फसला तर दोष प्रशिक्षकाकडेही जातो.

फलंदाजाशी केलेली तुलना मात्र मला अर्धीच पटते. सलामीवीर चाचपडतो तो नव्या चेंडूमुळे आणि बाद झाला तर त्याचा डाव तिथेच संपतो. क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू पुन्हा येतोच, आणि मधल्या वेळात तो बाकावर बसून टॅब्लेटवर मागच्या चालीची छायाचित्रे पाहतो : बचावातला कोण कुठे उभा होता, कोण फसवून पुढे आला, कोणता खेळाडू मोकळा असूनही दिसला नाही. उत्तरार्धात जी 'नजर बसलेली' दिसते, तिच्यात या अभ्यासाचा वाटा मोठा असतो.

याचा अर्थ पिछाडी निरुपद्रवी असते असा मात्र नव्हे, आणि जावईबापूंशी माझा मतभेद येथे आहे. पहिल्या आणि शेवटच्या क्वार्टरमधल्या टचडाउनची (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याची) किंमत गुणफलकावर सारखीच असली, तरी दोन-तीन टचडाउनांनी मागे पडलेल्या संघाचा खेळच बदलतो. चेंडू घेऊन धावण्यात वेळ जातो म्हणून ते सोडावे लागते, पास येणार हे प्रतिस्पर्ध्याला आधीच कळते आणि त्याचे धिप्पाड बचावपटू निर्धास्तपणे क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध हेच घडले. पूर्वार्धात महोम्सचा एक पास पळवून थेट टचडाउन झाला, मध्यंतराला २४-० अशी स्थिती होती, सामन्यात त्याला सहा वेळा चेंडूसकट पाडले गेले आणि अखेर ४०-२२ असा पराभव झाला. त्याला रंगात यायला वेळ लागला म्हणून हे घडले असे मी म्हणणार नाही. त्याचे रक्षण करणारी फळीच त्या दिवशी टिकली नाही.

उलट जानेवारी २०२० मध्ये ह्यूस्टनविरुद्धही कॅन्सस सिटी २४-० अशी मागे होती, पण त्या गुणांत अडवलेल्या एका पंटवरचा (चाल अडली की चेंडू लांब लाथाडून देतात, तो पंट) टचडाउन होता, आणि दुसरा पंट झेलताना चेंडू निसटल्यामुळेही प्रतिस्पर्ध्याचे फावले होते. बिघाड महोम्सच्या हातात नव्हता, म्हणून तो भरूनही चटकन निघाला : मध्यंतराला त्याचा संघ २८-२४ असा पुढे होता आणि सामना ५१-३१ असा जिंकला. आकडा एकच, अर्थ वेगवेगळा.

म्हणून पूर्वार्ध पाहताना गुणांपेक्षा ड्राइव्ह, म्हणजे चेंडू हाती असतानाची चालींची मालिका, कशी संपते याकडे लक्ष द्यावे. पंटने संपली तर फारसे बिघडत नाही, कारण चेंडू निदान लांब तरी जातो. इंटरसेप्शनने, म्हणजे पास प्रतिस्पर्ध्याने झेलल्याने, संपली तर प्रतिस्पर्ध्याला बरेचदा आयते मैदान मिळते. जानेवारी २०२३ मध्ये जॅक्सनव्हिलच्या ट्रेव्हर लॉरेन्सने पूर्वार्धात चार इंटरसेप्शन दिली, संघ २७-० असा मागे पडला, आणि मग चार टचडाउन पास फेकून त्याने सामना ३१-३० असा जिंकला. हा सामना सर्वांच्या लक्षात राहिला आहे. चार इंटरसेप्शन देऊन मुकाट्याने हरलेल्यांची आठवण कोण ठेवतो? आपली स्मरणशक्ती विजेत्यांची बाजू घेते, एवढे धरून चालावे.

संथ सुरुवात हा खरा दोष केव्हा असतो, याचे उत्तम उदाहरण टिम टीबो. २०११ मध्ये डेन्व्हरने एक विजय आणि चार पराभवांनंतर त्याला संघाची सूत्रे दिली. मायामीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात शेवटची तीन मिनिटेसुद्धा उरली नसताना संघ १५-० असा मागे होता. त्याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत डेन्व्हर १८-१५ असे जिंकले. पुढे असे आणखी काही विजय मिळाले, संघ बाद फेरीत पोहोचला, तिथे पिट्सबर्गला हरवले, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्यात काही दैवी संचार होतो असे लोक गंभीरपणे बोलू लागले. प्रत्यक्षात त्या मोसमात त्याचे शंभरातले ४६.५ पासच पूर्ण झाले होते. तो उशिरा जागा होत नव्हता. त्याला बचाव वाचून अचूक पास देणे जमत नव्हते, आणि बचावफळीने सामना आवाक्यात ठेवल्यामुळे शेवटी एखाद-दुसरी धडाडी पुरत होती. पुढच्याच फेरीत न्यू इंग्लंडने आवाक्यात काही ठेवलेच नाही आणि डेन्व्हर ४५-१० असे हरले. मार्च २०१२ मध्ये संघाने पेटन मॅनिंगला आणले आणि टीबोला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडले. त्या निर्णयावर चाहते फार संतापले होते; माझ्या मते व्यवस्थापनाने शेवटचा क्वार्टर बाजूला ठेवून आधीचे तीन पाहिले, आणि ते योग्यच केले.