समुद्र, नद्या अशा सामायिक संपत्तीवरचे काही आंतरराष्ट्रीय करार टिकतात आणि काही कागदावरच राहतात, असं का?

प्रश्नाच्या खुलाशात तुम्ही असंही विचारलंय की, संपत्ती राखण्यासाठी एखाद्या देशाला पैसे देणं ही एक प्रकारची खंडणीच नाही का? मी हा विषय शिकवतो, आणि माझं मत ठाम आहे: ज्याने हात आखडता घ्यायचा त्याच्या पदरात काही पडत असेल, तरच करार टिकतो.

मला सर्वांत पटणारं उदाहरण १९११ सालचं आहे. बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलोफ बेटांवर फर सील (मऊ केसाळ कातड्यासाठी मारले जाणारे समुद्री सस्तन प्राणी) पिल्लं घालायला येतात. १८६७ साली अलास्काबरोबर ही बेटं अमेरिकेकडे आली. बेटावर शिकार करताना माद्यांना हात न लावता तरणे नर निवडता येत. कॅनडा आणि जपानच्या शिकाऱ्यांना बेटावर मज्जाव, म्हणून ते भर समुद्रात गोळ्या घालत. पाण्यात नर कुठला नि मादी कुठली हे ओळखू येत नाही. गोळी लागलेले कितीतरी सील हाती येण्याआधीच बुडत. अन्नासाठी बाहेर पडलेली मादी मेली, की किनाऱ्यावरचं तिचं पिल्लूही उपासमारीने मरे. कळप झपाट्याने ओसरला.

१८९३ साली पॅरिसच्या लवादाने बेटांभोवती ६० मैलांच्या आत समुद्री शिकार बंद केली. पण तो निवाडा अमेरिका आणि (कॅनडाच्या वतीने) ब्रिटन यांच्यापुरता होता. जपानवर तो बंधनकारक नव्हता, त्यामुळे कॅनडाच्या जहाजांनी सोडलेली जागा जपानी जहाजांनी भरून काढली. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने लुटायचं, असं असेल तर थांबणार कोण?

१९११ च्या करारात अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन हे चौघेही आले. समुद्रातली व्यापारी शिकार पूर्ण बंद झाली. बदल्यात, आपापल्या बेटांवर मिळणाऱ्या कातड्यांपैकी १५-१५ टक्के वाटा अमेरिका आणि रशियाने जपान व कॅनडाला द्यायचा, असं ठरलं. अमेरिकेने दोघांना प्रत्येकी २ लाख डॉलर उचलही दिली. शिवाय समुद्रात मारलेल्या सीलचं कातडं चौघांच्याही बाजारात आणायला बंदी केली, म्हणजे पळवाटही बुजवली. जहाज आणि खलाशी यांच्यावर खर्च करून आटत चाललेल्या कळपामागे धावण्यापेक्षा वाढत्या कळपातला ठरलेला वाटा घरबसल्या मिळणं जपानला परवडणारं होतं. काही दशकांत कळप सावरला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जपान बाहेर पडेपर्यंत हा करार चालला.

आता हीच जमवाजमव जिथे झाली नाही तिथे काय होतं ते पाहा. ईशान्य अटलांटिकमधला मॅकरेल हा मासा २००० नंतरच्या दशकात उत्तर-पश्चिमेला, आइसलँडच्या पाण्यात मोठ्या संख्येने जाऊ लागला. आइसलँड म्हणालं, मासा आमच्याकडे चरतो, आमचाही हक्क. नॉर्वे, युरोपीय संघ असे जुने वाटेकरी आपला वाटा सोडायला तयार नव्हते. मग ज्याने त्याने आपापला कोटा ठरवला, आणि सगळ्यांच्या कोट्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या मर्यादेपलीकडे जात राहिली. २०१९ मध्ये या माशाचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र निलंबित झालं. हे सगळे सधन, शिकलेले, कायदा पाळणारे देश. समज कमी नव्हती, वाटणी ठरत नव्हती.

गरीब देशांनाही हे जमतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. प्रशांत महासागरातली नाउरू, तुवालू, किरिबाती यांच्यासारखी आठ राष्ट्रं १९८२ च्या नाउरू कराराने एकत्र आली. पूर्वी ट्यूना मासे पकडणारे परदेशी ताफे एकेका देशाला गाठून परवान्याचा भाव पाडत. २००७ पासून या राष्ट्रांनी मासेमारीचे दिवसच विकायला काढले. वर्षात एकूण जहाज-दिवस (एका जहाजाने एक दिवस मासेमारी करणं) किती हे आधी ठरतं, मग एका दिवसाचा किमान भाव, जो पुढे ८,००० डॉलर झाला. २०१० च्या सुमारास ६ कोटी डॉलरच्या आसपास असलेलं त्यांचं उत्पन्न दहा वर्षांत ५० कोटींच्या घरात गेलं. मासा राखण्यातच त्यांची कमाई आहे, त्यामुळे पहारा ठेवायला त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

म्हणून खंडणीच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. खंडणीत देणाऱ्याच्या हाती नवं काही येत नाही. इथे थांबल्यामुळे जी वाढ होते, तिच्यातून वाटा दिला जातो.

मला खटकतं ते वेगळंच. १९६१ च्या कोलंबिया नदी कराराची सगळीकडे वाहवा होते. कॅनडाने वरच्या अंगाला पाणी अडवायचं, त्यामुळे खाली अमेरिकेत जी जादा वीज होईल तिच्यातली निम्मी कॅनडाची. शिवाय पूर रोखण्यासाठी ६ कोटी ४४ लाख डॉलर. देशादेशांमधला हिशेब चोख होता. पण त्या धरणांच्या जलाशयांसाठी कॅनडातल्या दोन हजारांहून अधिक लोकांना घरदार सोडावं लागलं, आणि तिथल्या मूळ रहिवासी जमातींना करार करताना कुणी विचारलंही नाही. नदीचे मासे, नदीकाठची शेती यांचा हिशेबच मांडला गेला नाही, कारण करारात दोनच गोष्टी होत्या: वीज आणि पूर. फायद्याची वाटणी ठरवताना नुकसान सोसणाऱ्यांनाही चर्चेला बसवलं पाहिजे, आणि तेही धरण बांधण्याआधी.